परदेशी सहलीत मुलांना सेवाभावी संस्था दाखवायची असेल तर

सहलीची आखणी करताना संग्रहालयं, समुद्रकिनारे, बाजार आपोआप यादीत येतात. त्यातच अर्धा दिवस एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी ठेवावा, मुलांना जगाची ही बाजूही कळावी, असं अनेक आईवडिलांना वाटतं. चांगला गेलेला असा अर्धा दिवस मुलांच्या मनात वर्षानुवर्षं राहतो. फसला तरी राहतो, आणि फसण्याची झळ आपल्यापेक्षा तिथल्या माणसांना जास्त लागते. म्हणून याची तयारी विमानाची तिकिटं काढली की लगेच सुरू करायची. तिथे पोचल्यावर हॉटेलच्या काउंटरवर विचारून हे जमत नाही.

निवड करताना एक प्रश्न सतत समोर ठेवा. आपण काम बघायला चाललोय की माणसं बघायला? कृत्रिम पाय कसा घडवतात हे बघणं वेगळं आणि पाय गमावलेला माणूस बघणं वेगळं. पहिल्या ठिकाणी यजमान बोलतो, आपण ऐकतो. दुसऱ्या ठिकाणी आपण नुसते बघत राहतो आणि समोरच्याला ते सहन करावं लागतं. मुलांना हा फरक शब्दांत मांडता येणार नाही, पण त्यांना तो बरोबर जाणवतो.

अनाथालय यादीतून आधीच काढा

बहुतेकांच्या डोक्यात पहिलं नाव अनाथालयाचं येतं. खेळणी न्यावीत, मुलांनी मुलांशी खेळावं, दोन तास आनंदात जावेत. हेतू निर्मळ असतो, परिणाम मात्र वाईट होतो.

कंबोडियातल्या पाहण्यांत दिसलं की तिथल्या संस्थांमध्ये राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. मग ती मुलं तिथे आली कशी? पाहुणे येतात, पाहुण्यांमागे देणग्या येतात, आणि देणग्या चालू राहाव्यात म्हणून मुलं लागतात. दलाल खेड्यात जाऊन शिक्षणाचं आणि दोन वेळच्या जेवणाचं आश्वासन देतो. आईबाप विश्वासाने मूल सोपवतात. त्यानंतर मूल जितकं केविलवाणं दिसेल तितकी पेटी लवकर भरते, त्यामुळे त्याची अवस्था सुधारण्यात चालकाचा फायदा उरत नाही. सगळ्याच संस्था अशा नसतात, पण दोन तासांच्या भेटीत कुठली कशी हे पर्यटकाला ओळखता येत नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची ही वाहतूक गुलामगिरीचाच प्रकार म्हणून चर्चेत आणली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या पर्यटक-स्वयंसेवेचा धोका नोंदवला.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. तीन वर्षांचं मूल धावत येऊन अनोळखी माणसाच्या मांडीवर बसलं की आपल्याला भरून येतं. पण ज्या मुलाच्या अवतीभवतीची मोठी माणसं कायम असतात, ते अनोळखी माणसाला बुजतं. कुणाच्याही गळ्यात पडणारं मूल ही सांभाळणारे हात सारखे बदलत गेल्याची खूण असू शकते. आपण त्या हातांत आणखी एका जोडीची भर घालतो आणि दोन तासांनी निघून जातो.

शाळेच्या चालू वर्गात शिरणं, वस्त्यांमधून गाडी फिरवणं, रुग्णालयाच्या वॉर्डात डोकावणं यांनाही हाच न्याय लावा. दारावर ओळखपत्र विचारत नाहीत, वहीत नाव लिहून घेत नाहीत, सोबत कर्मचारी देत नाहीत आणि तरीही मुलांपर्यंत सरळ जाऊ देतात, अशा ठिकाणाहून परत फिरावं. टुकटुकवाला स्वतःहून ‘चला, अनाथालय दाखवतो’ म्हणाला, तर नको म्हणायला कारण देत बसू नका.

मग जायचं कुठे?

पर्याय भरपूर आहेत आणि मुलांना ते जास्त आवडतात, कारण तिथे प्रत्यक्ष काहीतरी घडत असतं.

सगळ्यात सोपी म्हणजे पाहुण्यांसाठीच उभारलेली केंद्रं. लाओसची राजधानी व्हिएन्टियानमध्ये कृत्रिम हातपाय पुरवणाऱ्या ‘कोप’ या संस्थेचं असं केंद्र आहे. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले गेले आणि त्यातले न फुटलेले लहान बॉम्ब आजही शेतात सापडतात. केंद्रात जुने कृत्रिम पाय मांडलेले आहेत; काही पाय तर लोकांनी मदत मिळण्याआधी बांबू, लाकूड आणि भंगारातल्या पत्र्यापासून स्वतःच बनवलेले होते. मुलं तिथेच रेंगाळतात. पट्टा कशाचा आहे, गुडघा कसा वाकत असेल, हे विचारतात. वाढत्या मुलाला दर काही महिन्यांनी नवा पाय का लागतो, हे तिथे न समजावताही कळतं. आठ वर्षांखालच्या मुलांना मात्र आणू नये. चेंडूएवढा बॉम्ब खेळणं समजून मूल उचलतं, ही गोष्ट त्या वयाला झोपू देत नाही.

कंबोडियात सिएम रीपला ‘अपोपो’चं केंद्र आहे. ही संस्था आफ्रिकेतल्या थोराड पिशवी-उंदरांना भूसुरुंगाचा वास ओळखायला शिकवते. उंदीर एक-दीड किलोचाच, त्यामुळे त्याच्या वजनाने सुरुंग उडत नाही. दोरीला बांधलेला उंदीर आखलेल्या पट्ट्यातून सरळ रेषेत हुंगत जातो आणि वास आला की जमीन खरवडतो. टेनिस कोर्टाएवढी जागा तो साधारण अर्ध्या तासात तपासतो. यातल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये शौर्याबद्दल सुवर्णपदक मिळालं होतं. पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या भावंडांना एकाच वेळी गुंतवून ठेवणारी अशी ठिकाणं कमी असतात.

दुसरा प्रकार म्हणजे जिथे आपण साधे गिऱ्हाईक असतो. हनोईतलं ‘कोटो’ १९९९ पासून आधार नसलेल्या तरुणांना स्वयंपाक आणि हॉटेलातल्या कामाचं प्रशिक्षण देतं. कंबोडियातल्या बटाम्बांगमधली ‘फारे’ ही कलाशाळा निर्वासित छावणीतून परतलेल्या चित्रकारांनी १९९४ मध्ये सुरू केली, आणि तिथे तयार झालेले कलाकार सिएम रीपला सर्कशीचे खेळ करतात. तिकिटांच्या पैशांतून शाळेला मदत होते. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकून संस्थेसाठी पैसे उभारणारी ब्रिटनमधली धर्मादाय दुकानंही याच प्रकारातली. ‘ऑक्सफॅम’ ही सेवाभावी संस्था १९४२ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झाली, त्या गावातल्या ब्रॉड स्ट्रीटवर तिचं दुकान आहे. मुलाला ठरावीक पैसे द्या आणि पुस्तक किंवा खेळणं त्यालाच निवडू द्या. तिथे काही वस्तू देताना काउंटरवर ‘गिफ्ट एड’ या देणगीवरच्या करसवलतीबद्दल विचारतील, ती सवलत ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी असते, म्हणून पर्यटकाने नाही सांगायचं.

तिसरा प्रकार आमच्या मते दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी सगळ्यांत मोलाचा आहे: ज्यांच्याबद्दल आपण दया वाटून घेतो, तेच जिथे आपले मार्गदर्शक असतात. लंडनमध्ये ‘अनसीन टूर्स’ आणि एडिनबरात ‘इनव्हिजिबल सिटीज’ यांच्या शहरफेऱ्या बेघरपण अनुभवलेली माणसं घेतात. हॅम्बुर्गच्या ‘अंधारातला संवाद’ या प्रदर्शनात संपूर्ण काळोखात अंध मार्गदर्शक आपल्याला नेतात. ही कल्पना १९८८ मध्ये जर्मनीत सुरू झाली. तिथे बाबाही चाचपडतात, आईही भिंतीला धडकते, आणि एकट्या मार्गदर्शकालाच रस्ता माहीत असतो. त्यानंतर ‘बिचारा’ हा शब्द मुलाच्या तोंडी सहजी येत नाही.

लाओसमध्येच लुआंग प्राबांगला ‘बिग ब्रदर माउस’ मुलांसाठी लाओ भाषेत पुस्तकं छापते. इंग्रजीचा सराव करायला स्थानिक तरुण तिथे येतात आणि पर्यटक त्यांच्याशी गप्पा मारायला बसू शकतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना इथे आवर्जून न्या. समवयस्कांशी बरोबरीने बोलण्याची अशी संधी सहलीत क्वचित मिळते. वेळा निघण्याआधी त्यांच्याकडूनच विचारून घ्या.

पाऊस असेल किंवा मुलं दमली असतील तर संग्रहालय बरं. लंडनच्या फाउंडलिंग संग्रहालयात १७३९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथबालगृहाचा इतिहास आहे. बाळाला सोडून जाताना आई एखादी खूण ठेवायची, म्हणजे पुढे परत नेता आलं तर ओळख पटावी. घासलेलं नाणं, बटण, हेझलनटचं कवच. काचेमागचं ते एवढंसं कवच पाहिल्यावर मुलं जे प्रश्न विचारतात, ते कुठल्याही अनाथालयाला भेट देऊन सुचले नसते, आणि इथे कुणाचंही खासगीपण मोडत नाही.

संस्था खरी आहे का, हे तपासताना

संकेतस्थळावरच्या फोटोंवर जाऊ नका. नोंदणी क्रमांक शोधा. इंग्लंड आणि वेल्ससाठी चॅरिटी कमिशनची नोंदवही ऑनलाइन फुकट बघता येते. उत्पन्न, खर्च आणि हिशेब वेळेवर भरले की नाही, हे सगळं तिथे असतं. स्कॉटलंडची नोंदवही वेगळी आहे. अमेरिकेत करखात्याच्या शोधपानावर संस्था सापडते आणि तिचा ९९० क्रमांकाचा वार्षिक फॉर्म वाचता येतो. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून यासाठी स्वतंत्र आयोग आहे. नाव टाकून शोधलं तर नामसाधर्म्याने फसायला होतं, म्हणून क्रमांकच टाका.

हिशेबात काय बघायचं? कार्यालयीन खर्च किती टक्के आहे, यावर लोक अडून बसतात. त्यात फार अर्थ नाही. चांगला हिशेबनीस आणि बालसुरक्षेसाठी नेमलेला माणूस हाही कार्यालयीन खर्चच असतो. हिशेब सलग भरलेले आहेत का, विश्वस्त एकाच घरातले तर नाहीत ना, आणि सांगितलेलं काम खर्चाच्या रकमेशी जुळतं का, एवढं बघा. जिथे अशी नोंदवही नाही तिथे वार्षिक अहवाल आणि लेखी बालसुरक्षा धोरण मागा. धोरण मागितल्यावर जी संस्था लगेच पाठवते ती सहसा बरी असते. जी विषय बदलते तिला सोडून द्या.

पत्र कधी आणि कसं लिहायचं

पाहुण्यांची केंद्रं, दुकानं, सर्कस यांना पत्र लागत नाही. वेळ आणि आरक्षण पुरतं. बाकी सगळीकडे सहा ते आठ आठवडे आधी लिहा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, दुसऱ्यांदा नको. लहान संस्थेत पत्रव्यवहार पाहणारा माणूस तोच असतो जो सकाळी गोदाम उघडतो.

पत्र दहा-बारा ओळींचं असावं. साधारण असं:

‘आम्ही चौघे आहोत, मुलं ९ आणि १३ वर्षांची. अमुक तारखेपासून आठवडाभर तुमच्या शहरात आहोत. तुमचं अन्न-वाटपाचं काम मुलांना समजावं असं वाटतं. पाहुणे घेत असाल तर मंगळवार किंवा गुरुवार सकाळ, दीड तासापर्यंत, आम्हाला चालेल. मुलांसाठी वयाची अट आहे का? करण्यासारखं काही काम आहे का, की नुसतं पाहणं तुम्हाला सोयीचं? आमच्या येण्याने तुमच्या माणसांचा वेळ जाईल, त्यासाठी काही शुल्क किंवा देणगी ठरलेली असेल तर कळवा. सोबत काही आणायचं असल्यास यादी द्यावी. तुम्हाला अडचण असेल तर निःसंकोच नाही म्हणा.’

शेवटची ओळ गाळू नका. पुष्कळ संस्थांना नाही म्हणायचं असतं आणि देणगीदार दुखावेल म्हणून त्या हो म्हणतात. नकार आलाच तर तो चांगल्या कारभाराचं लक्षण समजा. तेरा वर्षांच्या पुढच्या मुलाकडूनच हे पत्र लिहून घ्यावं. तुम्ही फक्त तारखा तपासा.

व्हिसाचा मुद्दा लोक विसरतात. बघायला जाणं आणि हाताने काम करणं यांत कायदा फरक करतो. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत प्रासंगिक स्वयंसेवा चालते. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही परवाना लागू शकतो. म्हणून ‘काम करायचंय’ असं ठरवत असाल तर पर्यटक व्हिसावर ते चालतं का, हे संस्थेकडून लेखी घ्या आणि त्या देशाच्या दूतावासाच्या पानावर पडताळा. प्रवासविम्यातही ‘शारीरिक काम’ पुष्कळदा वगळलेलं असतं, ते कलम वाचा.

दिवस आणि वेळ

सहलीचा पहिला दिवस नको, कारण मुलांची झोप जागेवर नसते. शेवटचाही नको, कारण प्रश्नांना वेळ उरत नाही. तिसरा-चौथा दिवस, सकाळी दहाच्या सुमारास, पोटभर नाश्ता करून, हे उत्तम. त्या दिवशी दुपार मोकळी ठेवा. एका आठवड्यात एकच संस्था पुरे. दुसरी घेतली की मुलं तुलना करू लागतात, कुठली ‘जास्त वाईट’ होती याची.

तीन ते पाच वर्षांची मुलं अर्धा-पाऊण तास टिकतात: किनाऱ्याची सफाई, धर्मादाय दुकान, कुंपणाबाहेरून प्राणी. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना प्रात्यक्षिक हवं. दहा ते तेरा हे प्रश्नांचं वय, तेव्हा शहरफेरी आणि संग्रहालय. चौदानंतर खरं काम द्या. त्याआधी काम देऊच नये असं नाही, पण काम मुलाच्या हाताच्या मापाचं असायला हवं.

अन्नपेढीतली (फूड बँक, म्हणजे दान आलेलं अन्न गरजूंना वाटणारी संस्था) वर्गवारी हे त्याचं उत्तम उदाहरण. वयाची अट संस्थेगणिक बदलते, म्हणून ती आधी विचारा. टेबलावर डब्यांचा ढीग असतो. आठ-नऊ वर्षांचं मूल तारीख मोठ्याने वाचतं, मोठा माणूस डबा क्रेटमध्ये ठेवतो. फुगलेला डबा बाजूला. कडेच्या शिवणीवर पोचा असेल तर तोही बाजूला, कारण तिथून हवा शिरते. पोटावरचा उथळ पोचा चालतो. ‘या तारखेआधी उत्तम’ आणि ‘या तारखेपर्यंतच वापरा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चवीची, दुसरी सुरक्षिततेची. आणि ०४/०८ ही तारीख अमेरिकेत ८ एप्रिल असते, युरोपात ४ ऑगस्ट. हे आधी विचारलं नाही तर चांगल्या डब्यांची अर्धी पेटी कचऱ्यात जाते. पंचेचाळीस मिनिटं झाली की मुलाची नजर चुकायला लागते, तेव्हा त्याला क्रेटवर चिठ्ठ्या लावायचं काम द्या.

सफाईत सहभागी व्हायचं तर थायलंडमध्ये २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रॅश हीरो’च्या साप्ताहिक मोहिमा कुणालाही खुल्या असतात. कोपनहेगनमध्ये ‘ग्रीनकायाक’ दोघांची होडी फुकट देते. बदल्यात पाण्यातला कचरा गोळा करून त्याचं वजन नोंदवायचं. लहान मापाचे हातमोजे घरूनच न्या, तिथे मोठ्यांचे असतात आणि ते मुलांच्या हातातून निसटतात. पायात बंद बूट. सुई, काच, मेलेला मासा दिसला तर हात न लावता हाक मारायची, हे किनाऱ्यावर उतरण्याआधी दोनदा म्हणून घ्या.

प्राण्यांच्या ठिकाणी

मुलांचा कल इथेच असतो, म्हणून थोडं सावध. ‘अभयारण्य’ ही पाटी कुणीही लावू शकतं. हत्तीवर बसू देतात, त्याला आंघोळ घालू देतात, वाघाच्या पिल्लासोबत फोटो काढू देतात, तिथे जाऊ नका. खरी केंद्रं अंतर राखतात. नैरोबीत १९७७ पासून चालणाऱ्या शेल्ड्रिक ट्रस्टमध्ये हत्तीची पोरकी पिल्लं रोज सकाळी ११ ते १२ एवढा एकच तास पाहता येतात. पिल्लं दूध प्यायला आणि चिखलात लोळायला येतात, पाहुणे दोरीमागे उभे राहतात. आरक्षण बरंच आधी भरतं.

कुत्र्यामांजरांच्या आश्रयगृहात जाणार असाल तर रेबीजचा विचार आधी करा. दीडशेहून जास्त देशांत हा रोग आहे. संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, आणि लक्षणं दिसल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. प्रवासाच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून आगाऊ लशीबद्दल विचारा. मुलांना एक वाक्य पाठ करायला लावा: ‘ओरखडा आला तरी लगेच सांगायचं.’ मुलं ओरखडे लपवतात, कारण आता परत येऊ देणार नाहीत अशी भीती असते. चावा किंवा ओरखडा आला की वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजविरोधी इंजेक्शनं सगळीकडे मिळत नाहीत. जवळचं मोठं रुग्णालय कुठलं, हे निघण्याआधीच लिहून ठेवा.

मुलांची तयारी

एका बैठकीत होत नाही. निघण्याच्या दोन आठवडे आधी नकाशा उघडा आणि अडचण काय आहे एवढंच सांगा: जमिनीत बॉम्ब आहेत, किंवा या शहरात घरभाडं फार आहे. आठवड्याने संस्था त्यावर काय करते ते सांगा. आदल्या रात्री दहा मिनिटांचा सराव घ्या. आई कर्मचारी, मूल पाहुणं. तिथल्या भाषेतले नमस्कार, आभार आणि माफ करा हे तीन शब्द बोलून घ्या.

‘बघ, आपण किती नशीबवान आहोत’ हे वाक्य घरातच ठेवून जा. त्याने दुसऱ्याचं दुःख आपल्या मुलाच्या संस्कारासाठी वापरलं जातं, आणि मुलाच्या मनात अपराधी भावनेशिवाय काही उरत नाही. ‘ही माणसं हे काम फार छान करतात, कसं ते बघू या’ असं म्हणा.

प्रश्नही ठरवून घ्या. चालतील असे: यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं? हे यंत्र बिघडलं तर काय करता? तुम्ही इथे कसे आलात? नको असलेले: तुझे आईबाबा कुठे आहेत? पाय कसा गेला? तू रस्त्यावर झोपायचास का? मार्गदर्शकाने स्वतः सांगितलं तर ऐकायचं, आपण खोदायचं नाही. एक खूणही ठरवा: हात दोनदा दाबला की बाहेर जायचं, कारण विचारायचं नाही. खूण आहे हे माहीत असलेली मुलं ती क्वचितच वापरतात.

खोकला, ताप, पुरळ असेल तर भेट रद्द. वृद्धाश्रमात आपल्या मुलाची साधी सर्दी कुणाला तरी रुग्णालयात पोचवू शकते.

काय न्यायचं, काय द्यायचं

यादी मागितल्याशिवाय काही नेऊ नका. जुने कपडे वर्गवारीचा बोजा होतात, गोळ्या-चॉकलेटांनी दात किडतात आणि मुलं पाहुण्यांमागे पळायला शिकतात. उरलेली औषधं तर मुळीच नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या दानविषयक सूचनांनुसार पोचताना औषधाची किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी, आणि लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता यायला हवं. ‘पॅक फॉर अ पर्पज’ या उपक्रमाच्या पानावर देशवार आणि निवासवार गरजेच्या वस्तू दिलेल्या असतात. त्यांचं माप पाच पौंडांचं आहे, म्हणजे सव्वादोन किलो. एका बॅगेत सहज मावतं. पण वस्तू तिथेच विकत मिळत असेल तर तिथेच घ्या. माप चुकलं तर बदलता येतं आणि स्थानिक दुकानदारालाही चार पैसे मिळतात.

पैसे बहुतेक वेळा वस्तूंपेक्षा उपयोगी पडतात. रक्कम घरीच ठरवा, भावनेच्या भरात दारात नको. संस्थेच्या अधिकृत पानावरून भरा, पावती घ्या. मुलाला तीन पर्याय देऊन त्यातल्या कशासाठी द्यायचे ते ठरवू द्या. रस्त्यावर बाळ कडेवर घेतलेली बाई पैसे नको, फक्त दुधाचा डबा घेऊन द्या म्हणते, असं सिएम रीपसारख्या ठिकाणी हमखास घडतं. डबा न उघडता त्याच दुकानात परत जातो आणि पैसे वाटले जातात. बाळाला त्या दिवशी रस्त्यावर ठेवणं तेवढं फायद्याचं ठरतं. मुलांना हे आधी सांगितलं नाही तर तुम्ही नाही म्हणताना ती तुमच्याकडे अविश्वासाने बघतील.

प्रत्यक्ष भेटीत

दहा मिनिटं आधी पोचा, अर्धा तास आधी नको. खांदे-गुडघे झाकणारे साधे कपडे. फोन बॅगेत. फोटो वस्तूंचे, फलकांचे, आपल्या मुलांच्या हातांचे. कुठल्याही चेहऱ्याचा नको, समोरच्या मुलाने हसून पोज दिली तरी नको; त्याची संमती पुरेशी नसते आणि त्याच्या पालकांची आपल्याकडे नसते. जागेची नोंद फोटोत जाते, ती सेटिंगमधून बंद करा. संस्था सोडून निघेपर्यंत काही पोस्ट करू नका.

गडबडी ठरलेल्या असतात. मूल रडू लागलं तर शांतपणे बाहेर न्या, यजमानाला ‘थोडा वेळ हवाय’ एवढं सांगा. मुलाने स्वतःचं खेळणं कुणाला देऊन टाकायचं ठरवलं तर ते कर्मचाऱ्याच्या हाती द्यायला सांगा, कारण एकाला मिळालेलं खेळणं पाठीमागे भांडण ठेवून जातं. तोंडून टोचणारं काही गेलं तर तिथेच माफी मागायची, रागवायचं मात्र हॉटेलवर आल्यावर. पत्ते, समाजमाध्यमांवरची नावं यांची देवाणघेवाण नको. आणि ‘आम्ही पुन्हा येऊ’ हे कुणीही म्हणू नये, मोठ्यांनी तर अजिबात नाही. आपल्यासाठी तो निरोपाचा शब्द असतो. ऐकणारं मूल तारीख मोजू लागतं.

शेवटी देणगीसाठी आग्रह झाला तर ‘आम्ही घरून ऑनलाइन देतो’ म्हणून निघा. चांगल्या संस्थेला हे उत्तर पुरतं.

परतल्यावर

त्याच संध्याकाळी चर्चा उकरू नका. जेवताना एवढंच विचारा: ‘आज विचित्र काय वाटलं?’ ‘काय शिकलास’ विचारलं की मुलं तुम्हाला आवडेल ते उत्तर देतात. खरे प्रश्न दोन-तीन दिवसांनी, बहुतेक गाडीत किंवा झोपताना येतात. सरकार हे का करत नाही, बॉम्ब टाकणाऱ्यांनी उचलले का नाहीत. उत्तर माहीत नसेल तर शोधू या म्हणा, आणि खरंच शोधा.

घरी पोचल्यावर तीन आठवड्यांच्या आत आभाराचं पत्र मुलाच्या हाताने लिहून, त्याचा फोटो काढून संस्थेच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. त्यात दया, कौतुकाचे ढीग, पुढची वचनं नकोत. पाहिलेली एक नेमकी गोष्ट आणि एक प्रश्न पुरे: ‘उंदराला सुट्टी कधी असते?’ उत्तर येईलच असं मुलाला सांगू नका. सहा महिन्यांनी, ठरवलेल्या रकमेचा दुसरा हप्ता भरायच्या दिवशी, संस्थेचा नवा अहवाल उघडा आणि आपण पाहिलेलं काम आता कुठवर आलंय ते मुलाला स्वतः वाचू द्या.